बेबीच्या बदकांचं मीठ

बदकाच्या नाकातून मीठ गळतं, हे बाईंच्या नवऱ्याला चौदा वर्षं खरं वाटलं नव्हतं. त्याच्या बहिणीने, बेबीने, सांगितलं तेव्हा एका संध्याकाळीत वाटलं.

"काय सांगतेस!" म्हणून तो जेवता जेवता थांबला होता. "नाकातून? मीठ?" आणि बाई समोर बसलेल्या. चौदा वर्षं रोज घरी येऊन त्यांनी हेच सांगितलं होतं आणि चौदा वर्षं नवऱ्याने चष्म्याच्या काचा पुसत "हं" म्हटलं होतं. चष्मे करणं हा त्याचा धंदाच, त्यामुळे पुसायला काच हाताशी कायम असायची. त्या संध्याकाळी त्याच्या हातातली काच खाली होती आणि कान बहिणीकडे होते. बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या बदकांच्या बाई. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, ते नेमणुकीच्या कागदाबाहेर कधी कोणी उच्चारलं नाही. सगळे बाई म्हणायचे. म्हणायचे, असंच म्हणायला हवं, कारण बेबी आली आणि पहिल्याच दिवशी लांबलचक वऱ्हांड्याच्या त्या टोकावरून "वहिनीऽ!" म्हणून ओरडली. आठवड्याभरात दारावरचा पहारेकरी, भांडारातले गृहस्थ, बाटल्या धुणारी, प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, एवढे सोडले तर झाडून सगळे वहिनी म्हणायला लागले. चौदा वर्षांत कमावलेलं 'बाई' आठ दिवसांत गेलं. आपण बाईच म्हणू. निदान आपण तरी.

आता ते मीठ. ज्या पक्ष्यांना खारं पाणी पिऊन जगावं लागतं, त्यांच्या कपाळात, डोळ्यांच्या जरा वर, दोन ग्रंथी असतात. अंगात मीठ वाढलं की त्या रक्तातून मीठ गाळून काढतात आणि नाकपुड्यांवाटे बाहेर सोडतात. चोचीच्या टोकाशी स्वच्छ थेंब जमतो, बदक डोकं झटकतं आणि थेंब उडतो. चाचणीच्या वेळी बदकाच्या पोटात नळीने मोजून मीठ सोडायचं, मग येणारा थेंब उडायच्या आत बारीक काचेच्या नळीत धरायचा, अर्ध्या तासात किती जमला ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे बाईंचं काम. बदकाला रोज खारं पाणी प्यायला दिलं तर ग्रंथी चांगली पोसते आणि भरपूर गळते. गोडं पाणी दिलं तर काम नाही म्हणून आक्रसते.

या नळाची चावी कोणाच्या हातात असते, हे सरांना शोधायचं होतं. चावी कपाळात नव्हतीच. ती खाली पोटात, मूत्रपिंडाजवळच्या दुसऱ्याच एका ग्रंथीत होती. तिच्यातून एक हॉर्मोन निघतं, त्याच्या जोरावर नाकाची ग्रंथी कामाला लागते. पण गंमत अशी की त्याच ग्रंथीतून आणखी एक हॉर्मोन सुटतं, बदक घाबरलं की. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि नाक कोरडं ठणठणीत पडतं. सर पहिल्या हॉर्मोनच्या कमीजास्त मात्रा देऊन बघत होते. दुसरं मध्ये तडमडायला नको, एवढी एकच गोष्ट ते हात जोडून मागत.

आणि ते बाईंना जमायचं. कसं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. बदकाला जुन्या पंचात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, छातीखाली तळहात ठेवायचा आणि धडधड उतरेपर्यंत गप्प बसायचं. पाच मिनिटं लागोत नाहीतर वीस. "छाती शांत झाल्याशिवाय नळी नाही," हा बाईंचा कायदा. शिकायला आलेली कितीतरी मंडळी या कायद्याला कंटाळून टेबलावरच्या कामाकडे पळाली.

बेबी पळाली नाही. बेबी म्हणजे बाईंची धाकटी नणंद, बत्तीस वर्षांची, पण घरात बेबीच. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा ती तिसरीत होती आणि वेणी फक्त वहिनीकडून घालून घ्यायची. पुढे एकदा बाईंनीच तिला बदकं दाखवायला नेलं होतं. चोचीवरचा थेंब बघून पोरगी जी भारावली, ती मोठमोठ्या पदव्या घेऊन परत त्याच बदकांपाशी येऊन उभी राहिली. "मी हा विषय वहिनींमुळे घेतला," असं ती येईल त्याला सांगायची. बाईंना ते वाक्य हळूहळू टोमण्यासारखं ऐकू यायला लागलं. नवीन जागा मिळेपर्यंत म्हणून ती राहायलाही त्यांच्याकडेच होती, म्हणजे सुटका घरीही नव्हती.

बाईंनी तिला सगळं शिकवलं. पंचा, तळहात, कायदा, काही हातचं राखलं नाही. आणि चार महिन्यांत वहीत असं दिसायला लागलं की बेबीच्या, पायात निळी कडी असलेल्या बदकांचे आकडे साडेनऊ, दहा मिलिलीटर, आणि बाईंच्या पिवळ्या कडीच्या बदकांचे सहा. मीठ तेवढंच, मात्रा तेवढीच, बदकं एकाच दिवशी आणलेली. सर वहीची पानं उलटताना बाईंच्या रकान्यावरून भराभर जात आणि बेबीच्या रकान्यापाशी थांबून "वा!" म्हणत. त्या एका अक्षराने बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

घरी तर विचारूच नका. "मग, आज किती मिली?" दादा विचारायचा. बेबीला. दोघी एकाच दारातून, एकाच वेळी आत आलेल्या असायच्या, तरी प्रश्न बेबीला.

"माझं राहू दे, दादा. वहिनींच्या हातासारखा हात नाही कुणाचा," बेबी म्हणायची. हे ती मनापासून म्हणायची, आणि तेच तर सहन होत नव्हतं. तिने जरा मिजास केली असती, तर बाईंना तिचा उघडउघड राग करता आला असता आणि जीव मोकळा झाला असता. पण ती ताट उचलायलाही आधी उठायची.

बाईंच्या मनाने मग एकच घोकायला घेतलं. दहा मिली येतातच कसे? चौदा वर्षं या हातांनी थेंब धरलेत, आणि कालची पोर आपल्या दीडपट काढते? काहीतरी लबाडी आहे. एकदा हे मनात बसल्यावर बेबीची प्रत्येक हालचाल लबाडीची दिसायला लागली. ती हसली तरी लबाडी, ती नळी उजेडात धरून बघायला लागली तरी लबाडी. शेवटी बाई सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, बोलू नये, पण," असं त्या म्हणाल्या. बोलू नये म्हणणारा माणूस बोलायचं ठरवूनच आलेला असतो. "तिच्या हातून मीठ जास्त जातंय का, बघा एकदा. नाहीतर लिहिण्यात काही..."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुमची नणंद आकडे फुगवून लिहिते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीत, पण मी ऐकलं." सरांनी टेबलावर बोटं वाजवली. "हे बघा, तसंही दोन हातांचे आकडे इतके वेगळे असले तर शोधनिबंधात घेता येत नाहीत. एकाच हाताचे ठेवावे लागतील. पुढचा नाही, त्याच्या पुढचा सोमवार. दोघींनी माझ्यासमोर करायचं, आपापली तीन तीन बदकं. तोवर चाचण्या बंद, पक्ष्यांना विश्रांती. ज्या हाताचे आकडे टिकतील, पक्षीगृह त्या हाताकडे. दुसऱ्या हाताने टेबलाचं काम बघावं. आणि आकडे खोटे निघाले, तर त्या माणसाला मी टेबलाशीही ठेवणार नाही."

बाई बाहेर आल्या त्या तशाच पक्षीगृहात जाऊन बसल्या. टेबलाचं काम म्हणजे बाटल्या, चिठ्ठ्या आणि बसून बसून आखडणारी पाठ. बदकं नसतील तर आपण कोण? घरात बेबीच्या वहिनी, इथेही बेबीच्या वहिनी. हात दाखवून अवलक्षण ते हेच. जाऊन आपणच परीक्षा मागून आलो, आणि आता नापास होणारही आपणच, अशी भीती त्यांना वाटली.

प्यायचं खारं पाणी तयार करणं बाईंकडे होतं. दोन निळे ड्रम, एक पिवळ्या कड्यांच्या खोलीत, एक निळ्या कड्यांच्या. कोपऱ्यात मिठाचं पोतं आणि पत्र्याचं माप. रोज सकाळी ड्रम धुवायचा, पाणी भरायचं, मापं मोजून घालायची आणि काठीने ढवळायचं. त्या मंगळवारी बाईंनी पिवळ्यांच्या ड्रममध्ये मापं घातली. निळ्यांचा ड्रम भरला, माप हातात घेतलं आणि पोत्यात परत ठेवून दिलं. केलं काहीच नाही. काही न करताही केवढं पाप करता येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. काठीने त्यांनी गोडं पाणीही ढवळलं, सवयीने.

निळी कडीवाली बदकं आनंदाने वेडी झाली. मुंडकी बुडवून बुडवून प्यायली, पंख झाडले, खोलीभर चिखल केला.

"वहिनी, माझी पोरं काय खुशीत आहेत बघा!" दारात उभी राहून बेबी हसत होती.

"हवा बरी आहे आज," बाई म्हणाल्या.

बुधवारीही नाही घातलं. गुरुवारी माप निदान हातात तरी घेतलं. शुक्रवारपासून तेही नाही. सगळ्या गोष्टींची सवय होते. बेबी ते सगळे दिवस सरांबरोबर हॉर्मोनच्या कुप्या भरण्यात अडकली होती, बदकांकडे येऊन लांबूनच लाडाने बोलून जायची. आणि घरी एकाच ताटलीतला खाऊ दोघी खात होत्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, बदकांकडे यायची पाळी बाईंची होती. दुपारी सगळं आवरल्यावर त्यांनी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. बेबीचे आकडे अशक्य आहेत, चौदा वर्षांत असे कधी आलेच नाहीत, हे सरांपुढे कागदावर ठेवायचं म्हणून. केलेल्या कर्माला थोडा आधार मिळाला असता.

पहिली वही उघडली. नऊ पूर्णांक आठ. दहा पूर्णांक एक. नऊ पूर्णांक पाच. अक्षर बाईंचंच. त्यांनी दुसरी काढली, तिसरी काढली. साडेनऊ, दहा, साडेनऊ. पानामागून पानं. खाली सरांच्या लाल शाईत जागोजाग "वा!" असं लिहिलेलं. बाई जमिनीवर बसल्या. बेबीने अशक्य असं काही केलंच नव्हतं. ती बाईंचेच आकडे काढत होती.

मग चालू वही घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा फक्त आपला रकाना वाचला. बेबी आली त्या आठवड्यात साडेनऊ. पुढच्या महिन्यात साडेआठ. मग सात. मग सहा. सरांनी समासात "नवी बदकं?" असं बारीक लिहून ठेवलं होतं. पण बदकं तर दोघींचीही नवीच होती. इतके महिने हे दिसलं कसं नाही? शेजारच्या रकान्यात डोळे अडकल्यावर आपल्या रकान्याकडे बघतं कोण!

बाईंनी उठून एक पिवळ्या कडीचं बदक पंचात घेतलं. तळहात छातीखाली ठेवला. धडधड धडधड चालली होती. त्या थांबल्या, पाच मिनिटं, दहा मिनिटं. बेबी आल्यापासून त्या अशा थांबल्याच नव्हत्या, हेही त्यांना आत्ता आठवलं. बेबीच्या आधी नळी भरायची म्हणून घाई, दात आवळलेले, बोटं आवळलेली. बदकाला शोधनिबंध कळत नाही, पण आवळलेली बोटं कळतात. ती हाताळायला लागली की बिचाऱ्यांच्या पोटातली ग्रंथी नको ते हॉर्मोन सोडत होती आणि वरचा नळ बंद होत होता. नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवायचा धडा, आणि शिकवणारीच विसरली. बदकं बाईंना घाबरत होती.

त्या निळ्यांच्या खोलीत गेल्या. पोत्यातून माप भरून घेतलं. ड्रमपाशी उभ्या राहिल्या. दहा-बारा दिवसांत आक्रसलेली ग्रंथी एका दुपारीत पोसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? घालून उपयोग नव्हता. पण खरं सांगायचं तर माप परत पोत्यात गेलं ते त्या कारणाने नाही. उद्या एक दिवस, फक्त एकच दिवस, सरांनी आपल्या रकान्यापाशी थांबावं, असं त्यांना वाटलं. सगळं कळल्यावरसुद्धा वाटलं. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, ते माणूस मूर्ख असतो म्हणून नाही, तर हावरा असतो म्हणून.

सोमवारी सर खुर्ची ओढून मध्ये बसले. आधी बाईंची तीन बदकं झाली. आकडे आले सहा, सव्वासहा, पावणेसहा. सरांनी मान हलवली, बरं नाही, वाईटही नाही अशी. मग बेबी बसली. तिने पंचा पसरला, बदक मांडीवर घेतलं, डोळे मिटून तळहात छातीखाली ठेवला. बाई बघत राहिल्या. अगदी त्यांच्यासारखी बसली होती ती, पूर्वीच्या त्यांच्यासारखी. नळी गेली, मीठ गेलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. चोचीच्या टोकाशी एक थेंब आला आणि तिथेच बसून राहिला.

अर्ध्या तासाचे दोन मिली. दुसऱ्या बदकाचे दीड. तिसऱ्याचेही दोनच.

बेबीने नळी पुन्हा उजेडात धरून पाहिली. सरांनी वही मिटली.

"गेल्या महिन्यात दहा," सर शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा ओरडण्याहून वाईट असायचा. "आणि माझ्यासमोर दोन. मला उत्तर हवंय."

"मला माहीत नाही, सर. मी खोटं लिहिलेलं नाही."

"मग हे काय आहे?"

बेबी उठली. तिला काहीतरी सुचलं असावं. ती निळ्यांच्या खोलीत गेली, आणि उघड्या दारातून बाईंना दिसलं की तिने ड्रममध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पाण्यात मीठ आहे की नाही, हे तपासायची ही रीतही बाईंनीच शिकवलेली. त्या मंगळवारी खुशीने वेडी झालेली आपली बदकं तिला आठवली असावीत. ड्रम कोण भरतं, ते सगळ्या इमारतीला माहीत होतं.

ती परत आली. बाईंकडे एकदा बघितलं. रागाने नाही. आपण लहानपणी आईची चोरी पकडतो आणि आपल्यालाच लाज वाटते, तसं काहीतरी होतं त्या बघण्यात.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "चाचण्या बंद आहेत तोवर बदकांचं पाणी मी बघते, असं मीच वहिनींना म्हटलं होतं. कुप्यांच्या गडबडीत मीठ घालायचं राहिलं. गोडं पाणी प्यायलीत ती, दहा-बारा दिवस."

"दहा-बारा दिवस? राहिलं? इतक्या पदव्या घेऊन?" सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ज्याला बदकाला काय पाजतोय ते कळत नाही, त्याच्या एकाही आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मागच्याही नाही."

बेबीने मान खाली घातली. घेतला तिने आळ, अंगावर, सगळाच्या सगळा. बाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पक्षीगृह राहिलं, आकडे राहिले, शब्दही बोलावा लागला नाही. पण तसं वाटलंच नाही. छातीत जो भडका उठला तो त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. म्हणजे इथेही हीच? हातही हिचा चांगला, मनही हिचंच मोठं? नवऱ्याचे कान हिने घेतले, 'बाई' हिने घेतलं, सरांचा "वा!" घेतला, आणि आता मी माझ्या हाताने केलेलं पापसुद्धा ही उचलून घेऊन जाणार, आणि जन्मभर माझ्यासमोर ताट उचलत राहणार, एक शब्द न काढता?

"खोटं बोलतेय ती," बाई म्हणाल्या.

सरांनी वळून बघितलं.

"ड्रम मी भरत होते. मीठ मी घातलं नाही. विसरून नाही, ठरवून. गेल्याच्या गेल्या मंगळवारपासून रोज." आवाज चढला होता, तो त्यांना खाली आणता येईना. "आणि तिचे आकडे खरे आहेत. कपाटातल्या वह्या काढा. चौदा वर्षं माझेही तेच होते. माझे पडले, कारण माझा हात बिघडला. ही आली त्या दिवसापासून माझी बदकं घाबरतात मला."

"वहिनी!" बेबी ओरडली, आणि तिच्या आवाजात आता राग होता, खराखुरा. "मी सांभाळून घेत होते ना! काय गरज होती तुम्हाला?"

"तू कशाला सांभाळतेस मला? तुझ्या वेण्या घातल्यात मी!"

  सर वही काखेत घेऊन उठले. पक्षीगृह उद्यापासून बेबीकडे, बाई टेबलाशी, आणि पाण्याच्या ड्रमपाशी त्यांनी फिरकायचं नाही. एवढं सांगून ते गेले. जाताना नेहमीसारखं "बरं, बाई" म्हणाले नाहीत.

बेबी टेबलावर पंचातच राहिलेल्या तिसऱ्या बदकाला सोडवत होती. तिची बोटं आता आवळलेली होती, त्यामुळे बदक तिच्याही हातात फडफडलं. बाईंनी जवळ जाऊन ते काढून घेतलं आणि खाली सोडलं.

"दादाला मी काही सांगणार नाही, वहिनी," बेबी नाक ओढत म्हणाली. "शपथ."

"नाहीच सांगायचंस," बाई म्हणाल्या. "आज मी सांगणार आहे ह्यांना. तू मध्ये तोंड उघडू नकोस. चौदा वर्षांत एकदा तरी ते काच खाली ठेवून माझं ऐकतील."